संक्रांतीचं हळदीकुंकू घरी: ४० जणी, तीन तास

हळदीकुंकवाचा दिवस ठरवण्याआधी कॅलेंडरमध्ये रथसप्तमी कधी आहे ते बघावं. संक्रांत सूर्यावरून ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीच्या आसपासच असते. रथसप्तमी ही माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चंद्राच्या हिशोबाची तिथी. त्यामुळे मधले दिवस दर वर्षी कमीजास्त होतात. २०२४ मध्ये १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा महिनाभर हाताशी होता. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आली, म्हणजे तीन आठवडे मिळाले. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच होती आणि त्या बारा दिवसांत रविवार आले फक्त दोन. अशा आखूड वर्षी त्या दोन रविवारी गल्लीतल्या, सोसायटीतल्या निम्म्या घरांत हळदीकुंकू असतं आणि एकेक बाई संध्याकाळभरात तीन-तीन घरं करते. शक्य असेल तर शनिवार किंवा मधलाच एखादा वार धरावा. मधला वार धरला तर वेळ पाच ते आठ ठेवावी, कारण नोकरी करणाऱ्या बायका सातच्या आधी पोचत नाहीत.

हे तीन घरांचं गणित नीट लक्षात घेतलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. हळदीकुंकू म्हणजे पंगत नव्हे, ये-जा असते. बायका एकदम येत नाहीत आणि एकदम जातही नाहीत. एक जण साधारण २० ते २५ मिनिटं बसते. पोटभर खायला कुणी आलेलं नसतं, आधीच्या घरी काहीतरी झालेलं असतं. म्हणून पदार्थ कमी, वाढप छोटं आणि पहिली बाई दारात यायच्या आत सगळं तयार, हेच धोरण ठेवावं. आलेल्या प्रत्येकीशी यजमानीण दोन शब्द निवांत बोलली पाहिजे, बोलावणं त्यासाठीच असतं. ती गॅससमोर उभी राहिली तर बाकी सगळं कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही.

बसायला किती, कप किती

४० जणी तीन तासांत येणार असतील आणि प्रत्येक जण २५ मिनिटं थांबणार असेल, तर सरासरी एका वेळी घरात पाच-सहा जणी असतात. पण सरासरीवर जाऊ नये. दिवेलागणीनंतरच्या तासाभरात निम्म्या बायका येतात, म्हणजे त्या वेळी एकदम आठ-नऊ. त्यात मैत्रिणी जोडीनं येतात, सोबत मुली-नातवंडं असतात. १२ ते १४ जणींची बसायची सोय पुरते. त्यातल्या निदान चार जागा पाठ असलेल्या खुर्च्यांच्या हव्यात. साठीपुढच्या बायकांना सतरंजीवरून उठणं जड जातं आणि खोल सोफ्यातून उठणं त्याहून जड.

एक कप वापरून, धुऊन, पुसून परत ट्रेमध्ये यायला पाऊण तास लागतो असं धरून २५ कप आणि २५ बशा काढून ठेवाव्यात. ४० असतील तर धुणंच नको. कागदी कपात दूध देऊ नये. गरम दुधाला कागदाचा वास लागतो आणि कप हातात भाजतो.

चपलांची जागा आधी ठरवावी. दारासमोर ढीग झाला की आतून बाहेर येणारी आणि बाहेरून आत येणारी दोघी तिथेच अडकतात. भिंतीलगत जुन्या वर्तमानपत्रांची लांब पट्टी अंथरली की बायका आपोआप ओळीत चपला काढतात. रांगोळी उंबऱ्याच्या बाजूला, चालायच्या वाटेबाहेर काढावी. साडीच्या काठानं ती पहिल्या दहा मिनिटांत पुसली जाते, आणि काळ्या साडीच्या निऱ्यांना पांढरी रांगोळी लागली तर झटकूनही लवकर जात नाही.

तिळगूळ: दोन हप्त्यांत करावा

हे काम तीन-चार दिवस आधी उरकावं. ४० जणींना एक लाडू हातावर आणि एक पुडीत असे ८० लाडू लागतात. १५ ग्रॅमचा लाडू बेताचा होतो, एका घासात संपतो. एकदम ८० लाडवांचा पाक करू नये. पाक निवत जातो तसा घट्ट होतो आणि निम्मे लाडू वळून होईपर्यंत उरलेलं मिश्रण कढईला दगडासारखं चिकटतं. ४० लाडवांचे दोन हप्ते करावेत. घरातली मंडळी, मुलं आणि शेजारी देण्यासाठी तिसरा.

एका हप्त्याला २५० ग्रॅम तीळ, ७५ ग्रॅम दाण्याचं जाडसर कूट, २५ ग्रॅम डाळ्याचं कूट, २५ ग्रॅम किसून भाजलेलं सुकं खोबरं, २५० ग्रॅम गूळ, एक मोठा चमचा तूप आणि अर्धा चमचा वेलदोड्याची पूड. यात ४० ते ४२ लाडू होतात.

तीळ मंद आचेवर भाजावेत. पॉलिशचे पांढरे तीळ पाच-सहा मिनिटांत होतात, गावरान सालीच्या तिळांना थोडा जास्त वेळ लागतो. गावरान तिळात कच असते. आदल्या दिवशी रोळून, धुऊन, कापडावर पूर्ण वाळवूनच ते घ्यावेत, नाहीतर दाताखाली खर लागते. तीळ तडतडायला लागले, किंचित फुगले आणि चिमटीत चुरडून बघितल्यावर खमंग वास आला की लगेच परातीत काढावेत. गरम कढईत राहिले तर गॅस बंद असूनही ते पुढे भाजत राहतात, आणि जास्त भाजलेला तीळ कडू होतो. तो कडूपणा गुळानं झाकला जात नाही.

गूळ कोणता, यावर लाडू मऊ की कडक हे ठरतं. चिक्कीच्या गुळाचे लाडू खुटखुटीत होतात आणि बरेच दिवस टिकतात, पण पाकाला थोडी जास्त वेळ आच मिळाली तर दात लागत नाही. हळदीकुंकवाला सगळ्या वयाच्या बायका येतात, तेव्हा साध्या पिवळ्या गुळाचा मऊ लाडूच करावा असं माझं मत आहे. गूळ बारीक चिरून तूप आणि दोन चमचे पाण्यासोबत मंद आचेवर ठेवावा. विरघळला की फेस येतो. तिथून पुढे हलणं नाही. शेजारी वाटीत गार पाणी ठेवावं आणि दर अर्ध्या मिनिटानं त्यात पाकाचा एक थेंब टाकून बघावा. थेंब पाण्यात पसरला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा करता आला आणि दाबल्यावर चपटा झाला, की मऊ लाडवाचा पाक तयार. ती गोळी वाटीवर टाकल्यावर टण्ण वाजली तर पाक कडक लाडवावर गेला. अशा वेळी दोन-तीन चमचे पाणी घालून तो पुन्हा उकळावा आणि पुन्हा तपासावा, गूळ फुकट जात नाही.

गॅस बंद करून वेलदोडा आणि बाकी सगळं एकदम घालावं, भराभर कालवावं. कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवली की मिश्रण पंधरा-वीस मिनिटं वळण्याजोगं राहतं. हाताला पाणी लावलं तर हात कमी भाजतो. तूप लावलं तर लाडवाला चकाकी येते. पाणी अगदी पुसटच असावं, ओलसर लाडू दोन दिवसांत चिकट होतो. लाडू वळताच डब्यात भरू नयेत. गरम लाडवांची वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी खाली गळतं. परातीत तासभर गार होऊ द्यावेत, मग स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

मिश्रण वळलंच जात नसेल, भुरभुरत असेल, तर पाक कमी पडला आहे. दोन चमचे गूळ वेगळा वितळवून घालावा. लाडू वळले पण बशीत बसकट झाले, तर पाक कच्चा राहिला. त्याचं मिश्रण तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडाव्यात, त्या चांगल्या होतात.

काटेरी हलवा घरी करायचा म्हटला तर परातीत खसखस किंवा तीळ घेऊन, मंद धगीवर, साखरेचा पाक चमचा-चमचा सोडत तासन्‌तास हलवावं लागतं, आणि ते काम काही दिवस चालतं. ज्यांच्या हातात ती कला आहे त्यांनी जरूर करावा. बाकीच्यांनी ५०० ग्रॅम विकत आणावा, पुड्यांमध्ये चिमूट-चिमूट घालायला तो भरपूर होतो.

खायला काय

तळणीचा पदार्थ ठेवला की एक माणूस तीन तास कढईला बांधलं जातं. मटारच्या करंज्या आधी तळून ठेवल्या तर सारणाच्या ओलाव्यानं दोन-तीन तासांत मऊ पडतात. म्हणून दडपे पोहे सुचवते. गॅस लागतो तो फक्त फोडणीला, आणि तीही दुपारी करून ठेवता येते.

४० छोट्या बशांना १.२ किलो पातळ पोहे लागतात, पण तेही एकदम भिजवू नयेत. दडपे पोहे कालवल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत छान मुरतात, तासाभरानंतर मात्र गोळा होऊन कोरडे पडतात. ४०० ग्रॅमचे तीन घाणे करावेत: पहिल्या पाहुण्यांच्या पाव तास आधी एक, मग साधारण तासाभराच्या अंतरानं बाकीचे दोन. एका घाण्याला एक खवलेला नारळ, वाटीभर नारळाचं पाणी, दोन लिंबं, दोन चमचे साखर, चवीला मीठ, मूठभर कोथिंबीर. फोडणी चार मोठे चमचे तेलाची: मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा मिरच्या, मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढावेत आणि वाढताना वरून घालावेत, मुरलेल्या पोह्यांत ते मऊ पडतात. कांदा एरवी हवाच, पण इथे वगळलेला बरा. बंद खोलीत चिरलेला कांदा, गजरे आणि अत्तर यांचे वास एकमेकांत मिसळतात आणि कुणालाच ते आवडत नाही. खोबरं वापरेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावं. थंडी असली तरी लोकांनी भरलेल्या घरात खवलेला नारळ बाहेर राहिला तर आंबूस होतो.

सोबत गाजराचा हलवा एक मोठा चमचा, आणि १०० मिलिलिटर मसाला दूध. त्यासाठी ४.५ लिटर दूध घेऊन आटवून ४ लिटर करावं. साखर लिटरला ६० ते ७० ग्रॅम पुरे, तिळगूळ आणि हलवा गोड आहेतच. दूध कोमट ठेवून पुन्हा-पुन्हा उकळत बसू नये. दर उकळीला साय धरते, तळ लागतो, आणि मधल्या कोमटपणात दूध नासायची भीती असते. उकळतं दूध थेट थर्मासमध्ये भरावं. त्याआधी थर्मासमध्ये कढत पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्यावं. गार थर्मासमध्ये भरलेलं दूध तासाभरात कोमट होतं, असं गरम केलेल्यात ते तीन तास चांगलं तापलेलं राहतं. मसाला मिक्सरमध्ये थोड्या साखरेबरोबर वाटावा, म्हणजे बदाम-पिस्त्यांचा तेलकट गोळा होत नाही. साखर वर्ज्य असलेल्यांसाठी एका छोट्या थर्मासमध्ये आलं आणि गवती चहा घातलेला बिनसाखरेचा चहा ठेवावा.

तबक आणि वाण

क्रम असा ठेवावा: आल्यावर हळदीकुंकू आणि हातावर तिळगूळ, मग बसणं-खाणं-बोलणं, निघताना अत्तर, गुलाबपाणी आणि वाण. अत्तर आधी लावलं तर पोह्यांच्या घासाला त्याचा वास येतो. दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या बायका संकोचानं बोलत नाहीत, म्हणून "अत्तर लावू ना?" असं विचारूनच हातावर लावावं. गुलाबपाणी हातावर शिंपडावं, रेशमी साडीवर पाण्याचे थेंब पडले तर डाग उमटून राहतात.

हळद आणि कुंकवाच्या कोयऱ्या अर्ध्याच भराव्यात. काठोकाठ भरलेल्या कोयरीतून बोट उचललं की कुंकू सांडतं. खरं पिंजर हळदीवर चुन्यासारखा क्षार घालून करतात. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात रंग असतो आणि काहींच्या कपाळाला त्यानं खाज सुटते. तबकात टिकल्यांचं एक पाकीट ठेवलं तर ज्यांना कुंकू सोसत नाही त्यांची सोय होते. समई वाटेपासून दूर, कोपऱ्यात, पदर उडणार नाही अशा जागी असावी.

बोलावताना कुणाला वगळू नये, हे मला मनापासून सांगायचं आहे. शेजारच्या ज्या काकूंचे यजमान गेले, ज्या मावशी घरात कामाला येतात, ज्या मुलीनं लग्न केलेलं नाही, त्या सगळ्यांना सारखं आमंत्रण, सारखा तिळगूळ, सारखं वाण. कुणाला कुंकू लावून घ्यायचं नसेल तर तिचा मान राखावा, त्यासाठी तबक पुढे करून क्षणभर थांबलं की पुरतं. ती स्वतः कपाळ पुढे करते किंवा हसून हात पुढे करते. चारचौघीत विचारणा करू नये आणि तिला नंतर एकटीला वाणही देऊ नये. सगळ्यांसोबत, त्याच क्रमानं.

वाण लुटायला वस्तू निवडताना घेणारीकडे ती वस्तू आधीच तीन वेळा आली असेल का, हा प्रश्न विचारावा. प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या प्रत्येक घरातून येतात. अर्धा किलो गावरान तीळ, सेंद्रिय गुळाची छोटी ढेप, कापडी भाजीची पिशवी, रोप लावलेली छोटी कुंडी, चांगल्या तांदळाची पुरचुंडी, अशी वापरून संपणारी किंवा रोज हाताळली जाणारी वस्तू बरी. मोजून ४० आणू नये. कुणी जावेला घेऊन येतं, कुणाची आई गावाहून आलेली असते. ४६ आणावीत. प्रत्येक वाणासोबत तिळगुळाची पुडी आधीच एका पिशवीत घालून पिशव्या दाराजवळच्या टेबलावर ओळीनं मांडाव्यात. सातच्या गर्दीत वाण इथून आणि पुडी तिथून अशी शोधाशोध झाली की कुणाला दोनदा मिळतं, कुणाला राहून जातं.

बोरन्हाण त्याच दिवशी असेल तर

ते अगदी सुरुवातीला, हळदीकुंकवाच्या तासभर आधी उरकावं. बोरन्हाणाला सगळे एकदम लागतात आणि हळदीकुंकवाला बायका थोड्या-थोड्या येतात. दोन्ही एकत्र चालवलं तर दारात उभ्या बायका आत येऊ शकत नाहीत आणि मूलही गर्दीला बावरून रडतं.

जमिनीवर मोठी चादर, त्यावर पाट. मुलाच्या डोक्यावरून घालायच्या खाऊत तीन भाग चुरमुरे ठेवावेत आणि एका भागात बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगदाणे, रेवड्या, हलवा. चुरमुरे जास्त असले की वरून पडणारा मार लागत नाही. बोरं छोटी निवडावीत आणि वाटी डोक्याच्या वीतभर वरच धरावी. हे खाली पडलं की जमलेली सगळी मुलं गोळा करायला धावतात. तेव्हा पाच वर्षांखालच्यांवर एका मोठ्या माणसाची नजर हवीच: शेंगदाणे, हरभरे, बोराची बी आणि कडक हलवा घशात अडकतो. फार लहान मुलं असतील तर हे जिन्नस वगळून चुरमुरेच ठेवावेत.

हलव्याचे दागिने मुलाच्या अंगावर फोटोपुरते ठेवावेत. घामानं साखर विरघळून कपड्यांना चिकटते, आणि दागिन्यांच्या आत तार किंवा टाचणी असू शकते. मूल ते तोंडात घालायच्या आत उतरवलेले बरे.

मदतीला कोण

दोन माणसं पुरतात. एक स्वयंपाकघरात: पोह्यांचे घाणे, बशा भरणं, कप धुणं. दुसरी दाराशी: वाणाच्या पिशव्या, अत्तर, गुलाबपाणी. घरातल्या पुरुषमंडळींनी हे स्वयंपाकघर सांभाळावं. पोहे कालवणं आणि थर्मासमधून दूध ओतणं याला काही खास कौशल्य लागत नाही, फक्त मापं कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलेली असावीत.

रात्री सगळ्या गेल्यावर आधी सतरंज्या आणि सोफ्याची आवरणं बघावीत. सांडलेली हळद ओल्या फडक्यानं पुसायची नाही, कोरड्या ब्रशनं झटकून काढायची. डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लाल होतो, त्याला घाबरू नये. हळदीला क्षार लागला की तसं होतं. नीट खळबळून कडक उन्हात एक-दोन दिवस वाळवलं की हळदीचा डाग फिका पडत नाहीसा होतो. कुंकवातला रंग मात्र उन्हानं जाईलच असं नाही, तो लगेच गार पाण्यात भिजवावा.

आणि यादी समोर घेऊन आलेल्यांच्या नावांवर खुणा कराव्यात. ज्या आल्या नाहीत, आजारी आहेत किंवा ज्यांच्याकडे त्याच दिवशी हळदीकुंकू होतं, त्यांच्या पिशव्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. रथसप्तमीपर्यंत सवडीनं एकेकीकडे जाऊन देता येतात.